पेला भरला, पाणी शुद्ध झाले!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान तीनवर सांडपाणी प्रकल्पाची बातमी आणि तो फोटो पाहिला. पाहुण्यांनी काचेचा पेला उन्हात धरलाय, मागे सगळे हसताहेत, खाली ओळ : 'कृष्णामाईत आता शुद्ध पाणीच जाणार.' अभिनंदन.

मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत 31 वर्षे पाण्याचे नमुने तपासले. त्या जोरावर सांगतो, लिटरभर पाण्यात चमचाभर साखर विरघळवा आणि पेला उन्हात धरा, असाच चमकेल. पण बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू किती ऑक्सिजन खातात त्याचे माप, काढाल तर आकडा हजारांत जाईल. आपल्यासारख्या गावांच्या प्रकल्पांना केंद्राच्या 2017 च्या अधिसूचनेने मर्यादा घातली ती लिटरला 30 मिलिग्रॅमची. हरित लवादाला 2019 मध्ये तीसुद्धा सैल वाटली. हा आकडा काढायला बाटली 27 अंशांवर 3 दिवस ठेवावी लागते. इथे अकराला पेला भरला आणि साडेअकराला पाणी शुद्ध जाहीर झाले. आमच्या साहेबांनी हे केले असते तर कारखान्याला टाळे लागले असते.

बरे, प्रकल्प उत्तम आहे असे धरू. पण त्यात जाते कोणाचे पाणी? आमच्या आळीचे तर जात नाही. तीन वर्षांपूर्वी रस्ता उकरून ड्रेनेजची लाइन टाकली, पावसाळाभर आम्ही फळ्यांवरून ये-जा केली. आळीतले वाडे नदीच्या उताराला, संडास परसात, म्हणजे रस्त्यापेक्षा चांगले दीड हात खाली. लाइन गेली पुढून, रस्त्याखालून, तीही वरच्यावर. आता पाणी चढावर कसे जाणार? प्लंबर आला, लेव्हलची नळी लावून पाहिली, म्हणाला, "काका, उतारच मिळत नाही." मी अर्ज केला. कचेरीतले साहेब म्हणाले, "तुमचे घर खाली आहे." घर माझ्या आजोबांच्या वेळचे. मी विचारले, मग काय करू? तर म्हणाले, "संडास पुढे घ्या." म्हणजे ओसरीवर! पाहुणे आले की त्यांना झोपाळ्यावर बसवायचे की कुठे, तेही त्यांनीच सांगावे. त्या अर्जाचे लेखी उत्तर अजून आलेले नाही. मलनिस्सारण कराचे बिल मात्र तेव्हापासून न चुकता येते, आणि मीही भरतो, कारण उशीर झाला तर व्याज लावतात.

तेव्हा आमच्या अकरा घरांच्या मोरीचे पाणी पूर्वीसारखीच गटारातून नाल्यात आणि नाल्यातून घाटाच्या वरच्या अंगाला. मैल्याची टाकी भरली की गाडी बोलवायची. गाडी कुठे रिकामी करतोस, असे ड्रायव्हरला एकदा विचारले. तो नुसता हसला.

अशा आळ्या गावात किती, हे आपल्या वार्ताहराने मोजावे. प्रकल्पातले जीवाणू मैल्यावर जगतात. मैलाच पोहोचला नाही तर ते उपाशी मरणार आणि त्यांना हवा पुरवणारे ब्लोअर नुसते वीज खाणार. वार्ताहराने पेल्याचा फोटो काढला, तसा दोनशे पावलांवरच्या नाल्याच्या तोंडाचाही काढता आला असता. वास फोटोत येत नाही, त्यामुळे अंकाला काही धोका नव्हता.

जाता जाता : बातमीत प्रकल्पाची क्षमता नुसती 'दशलक्ष लिटर'मध्ये दिली आहे. रोजची, महिन्याची की एकदाच?

आणि कृपया या वेळी मुद्रितशोधन व्हावे. माझ्या मागच्या पत्रात मी 'बीओडी' लिहिले होते, आपण 'बीडीओ' छापलेत. 'नदीत बीडीओ वाढल्याने मासे मरतात' हे वाचून पंचायत समितीतून मला दोन फोन आले.

आपला,
एक जुना वर्गणीदार
(नाव छापू नये, नळजोडणीचा अर्ज अजून त्याच कचेरीत आहे.)