कुंपणावरच्या मतदाराची बोळवण नको

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

परदेशात कुठे स्वातंत्र्याच्या प्रश्नावर सार्वमत जवळ आले की आपल्या मराठी वृत्तपत्रांत झेंडे नाचवणाऱ्या गर्दीचा फोटो येतो आणि त्याखाली ताज्या मतदारपाहणीचे आकडे. ‘होय’ इतके टक्के, ‘नाही’ इतके टक्के. ज्यांचे अजून ठरत नाही त्यांना ‘संभ्रमित’ म्हणून एका ओळीत उरकले जाते. त्यांचे नेमके कशापाशी अडले आहे, हे कोणी लिहीत नाही. वास्तविक अशा मतदानात सर्वांत जास्त वाचण्यासारखे तेच असते. या लोकांना प्रश्न कळलेला असतो. त्यांना उत्तर मिळालेले नसते, आणि उत्तर देणे ज्यांचे काम ते टाळत असतात.

स्कॉटलंडचे पाहा. ब्रिटनपासून वेगळे होऊन स्वतंत्र व्हायचे का, यावर तिथे १८ सप्टेंबर २०१४ ला मतदान झाले आणि ‘नाही’ची बाजू जिंकली. जवळपास दोन वर्षे आधी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून आणि स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर (तिथल्या सरकारचे प्रमुख) अ‍ॅलेक्स सॅमंड यांनी एडिंबरा करारावर सह्या केल्या होत्या. निकाल काहीही लागो, दोन्ही सरकारे तो मानतील, हे त्यात ठरले होते. एवढी स्वच्छ सुरुवात होऊनही सामान्य घरातला पेच सुटला नाही, कारण तो पेच पैशांचा होता. पगार पौंडात, घराचे कर्ज पौंडात, बचतही पौंडात. नोव्हेंबर २०१३ च्या श्वेतपत्रिकेत स्कॉटिश सरकारने सांगितले की स्वतंत्र झालो तरी पौंडच ठेवू, उरलेल्या ब्रिटनशी चलनसंघ करू, म्हणजे करार करून दोघांचे चलन एकच ठेवू. फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी असा संघ होणार नाही असे जाहीर केले. लेबर आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षांनीही त्यांचीच री ओढली.

मग उरले दोन रस्ते. पनामात जसा अमेरिकेचा डॉलर चालतो, तसा कराराविना पौंड वापरत राहायचे. पण मग व्याजदर लंडनमध्ये ठरणार, आणि एखादी बँक बुडायला आली तर तिला नोटा छापून सावरणारी मध्यवर्ती बँक आपली नसणार. किंवा स्वतःचे चलन काढायचे. तसे केले आणि पगार नव्या चलनात, कर्ज मात्र जुन्या पौंडात राहिले, तर नवे चलन जितके घसरेल तितका घराचा हप्ता जड होणार. वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर असलेला माणूस या दोन रस्त्यांपुढे थबकला, तर त्याचे देशप्रेम मोजायला कोणी जाऊ नये.

सोलापूरला हे पुस्तकी वाटायचे कारण नाही. नळदुर्ग, तुळजापूर हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि सोलापूर ब्रिटिश अमलात. तिकडे निजामाचा हाली रुपया, इकडे ब्रिटिशांचा कलदार. भाव साधारण सहा कलदारांना सात हाली. मधे करोडगिरीचा नाका, तिथे मालावर महसूल. नाक्यापलीकडून सोलापूरच्या पेठेत माल येई तेव्हा मालाचा भाव ठरला तरी नाण्याचा भाव ठरायचा राहिलेलाच असे. पोलीस कारवाईनंतरही काही वर्षे हाली चलनात होता. सत्ता एका आठवड्यात बदलली, पण नाणे, देणीघेणी आणि जकात यांचा गुंता सुटायला वर्षे लागली.

पेन्शनचा प्रश्न याहून हळवा. ब्रिटनमधले सरकारी वृद्धापकाळाचे वेतन कोणाच्या नावावर साठवलेले नसते. आज कामावर असलेल्यांच्या वर्गणीतून आजच्या म्हाताऱ्यांना ते दिले जाते. त्यामुळे ‘आमचे पैसे लंडनमध्ये जमा आहेत, ते आम्हाला मिळतीलच’ असे म्हणायची सोय नव्हती. उद्या कोण देणार, हे वाटाघाटींत ठरायचे होते, आणि वाटाघाटी मतदानानंतर व्हायच्या होत्या. गिरणीची किंवा विडी कारखान्याची पेन्शन महिन्याच्या ठरल्या तारखेला बँकेत जमा होते की नाही, यावर ज्यांचे घर चालते, त्या सोलापूरच्या वाचकाला ही भीती समजावून सांगावी लागत नाही.

शिवाय मतदाराने ज्या आधारावर मत दिले तो आधारच पुढे काढून घेतला जाऊ शकतो. ‘युरोपीय संघात राहायचे असेल तर ब्रिटनमध्ये राहा’ असे ‘नाही’च्या बाजूने ठासून सांगितले जात होते. दोन वर्षेही झाली नाहीत तोच, जून २०१६ मध्ये, ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. स्कॉटलंडमध्ये मात्र ६२ टक्के लोकांनी संघात राहण्याच्या बाजूने मत दिले होते. २०१४ मध्ये याच एका मुद्द्यावर ‘नाही’ म्हटलेल्यांनी आता काय करायचे? पुन्हा विचारा म्हणावे, तर नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की लंडनच्या संमतीशिवाय स्कॉटिश संसदेला असे सार्वमत घेण्याचा कायदा करता येत नाही.

मन दोन्हीकडे ओढले जाते याचा सर्वांत चांगला पुरावा आपल्या शेजारीच आहे. १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल. तो स्वातंत्र्याचा नव्हता. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळा केंद्रशासित प्रदेश राहायचे, एवढाच सवाल होता. विलीनीकरणाला फूल आणि वेगळेपणाला दोन पाने, अशी चिन्हे होती. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी आधी राजीनामा दिला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१. महाराष्ट्रात याची फार हळहळ झाली आणि आजही गोष्ट इथेच संपवली जाते. पण पुढे काय झाले? मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच गोवेकरांनी विलीनीकरणाची मागणी करणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच पुन्हा सत्तेवर बसवले. बांदोडकर हवेत, कुळांच्या बाजूने उभे राहणारे सरकार हवे, मराठीही हवी, पण गोवा वेगळा हवा, असे म्हणणारे हजारो लोक त्यात असल्याशिवाय हे दोन निकाल जुळत नाहीत. फूल आणि पाने यांत एवढे सगळे मावत नव्हते. लोकांनी जिथे जे मावेल ते तिथे सांगितले.

सोलापूरच्या आसपास तर बारा-तेरा वर्षांत सीमा कितीदा हलल्या. अक्कलकोट संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, १९५६ मध्ये विजापूर म्हैसूर राज्यात गेले, उस्मानाबाद मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. यासाठी कुठेही मतपेटी ठेवली गेली नाही. ठेवली असती तरी पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकराने, अक्कलकोटकडच्या कन्नड घराने, विजापुरात लेक दिलेल्या मराठी कुटुंबाने एका फटक्यात एकच खूण केली असती असे वाटत नाही.

आता मतपत्रिकेकडे येऊ. स्कॉटिश सरकारचा मूळ प्रश्न होता, ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा याच्याशी आपण सहमत आहात का?’ निवडणूक आयोगाने तो लोकांपुढे तपासून पाहिला. ‘सहमत आहात का’ असे विचारले की माणूस होकाराकडे कलतो, असे आढळले. म्हणून ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा का?’ एवढाच प्रश्न ठेवला गेला. उलट कॅनडातल्या क्यूबेक प्रांताच्या १९९५ च्या प्रश्नात सार्वभौमत्व होते, कॅनडापुढे आर्थिक-राजकीय भागीदारीचा प्रस्ताव ठेवण्याची बात होती, एका विधेयकाचा आणि १२ जूनच्या एका कराराचाही उल्लेख होता. आपण वेगळा देश मागतो आहोत की नवी भागीदारी, हे मतदाराने स्वतःच ठरवायचे. त्या सार्वमतात ‘नाही’ला ५०.५८ टक्के आणि ‘होय’ला ४९.४२ टक्के मते पडली, मतदान ९३ टक्क्यांहून अधिक. फरक ५४,२८८ मतांचा, आणि बाद ठरलेल्या मतपत्रिका त्याहून जास्त, सुमारे ८६ हजार! त्यावरून पुढे बरीच वर्षे भांडण चालले. स्कॉटलंडमध्ये ३६ लाखांवर मतांत बाद झाल्या फक्त ३,४२९. छोटा प्रश्न, दोन चौकोन, एक फुली, याचा हा फायदा.

पण छोट्या प्रश्नाचीही किंमत असते. ब्रिटनमध्येच राहून बरेच जास्त अधिकार मिळवायचे, असा मधला पर्याय पुष्कळांना हवा होता. तो मतपत्रिकेवर येऊ दिला गेला नाही. मग ७ सप्टेंबर २०१४ ला ‘होय’ ५१, ‘नाही’ ४९ अशी पाहणी छापून आली आणि लंडनला घाम फुटला. त्या आकड्यांतून ‘अजून ठरलेले नाही’ म्हणणारे वगळलेले होते, हे ठळक मथळ्यांखाली कितीजणांनी वाचले असेल? मतदानाच्या दोन दिवस आधी तीन पक्षनेत्यांनी जादा अधिकारांचे वचन वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर दिले. मधला पर्याय असा मागच्या दाराने आला, तोही पुष्कळ टपाली मते देऊन झाल्यावर. मला हे गैर वाटते. द्यायचेच होते तर दोन वर्षे आधी द्यायचे होते.

तिसरा पर्याय नाकारला की काय होते हे १९४७ मध्ये वायव्य सरहद्द प्रांतात दिसले. भारत की पाकिस्तान, एवढेच विचारले गेले. खान अब्दुल गफारखान यांच्या खुदाई खिदमतगारांनी स्वतंत्र पख्तूनिस्तानचाही पर्याय मागितला होता. तो न मिळाल्याने त्यांनी बहिष्कार टाकला. पाकिस्तानला २,८९,२४४ मते, भारताला २,८७४. आकडा एकतर्फी दिसतो, पण यादीतले जवळजवळ निम्मे लोक मतदानाला गेलेच नव्हते. पॅसिफिक महासागरातल्या, फ्रान्सच्या अमलाखालच्या न्यू कॅलेडोनियात डिसेंबर २०२१ मध्ये स्वातंत्र्याच्या प्रश्नावर ‘नाही’ला ९६.५ टक्के मते पडली. तिथेही स्वातंत्र्यवाद्यांचा बहिष्कार होता आणि मतदान ४४ टक्क्यांच्या आतच राहिले. त्याआधीच्या वर्षी, दोन्ही बाजू उतरल्या असताना, तोच आकडा ५३.३ होता.

मतदार कोण, हा वादही बातमीत क्वचितच येतो. स्कॉटलंडने निवास ही कसोटी धरली. राहण्याचा रीतसर परवाना असलेला राष्ट्रकुलातला नागरिक, म्हणजे ग्लासगोत राहणारा आपला भारतीयसुद्धा, मत देऊ शकत होता. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनाही मत होते. नोकरीसाठी लंडनला गेलेल्या स्कॉटिश माणसाला मात्र नव्हते. पुण्यात कामाला असलेला मुलगा सोलापूरचा मतदार धरायचा की नाही, असा हा प्रश्न आहे. कोणतेही उत्तर दिले तरी कोणावर तरी अन्याय होतोच. न्यू कॅलेडोनियात १९९८ नंतर आलेल्यांना प्रांतिक निवडणुकीच्या यादीबाहेर ठेवले होते. ती यादी खुली करण्याच्या हालचालींवरून मे २०२४ मध्ये तिथे दंगली पेटल्या.

आणि किती मतांनी जिंकले म्हणायचे? १९७९ मध्ये स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा द्यायची का, यावर ५१.६ टक्के लोक ‘होय’ म्हणाले, पण अट होती एकूण यादीच्या ४० टक्के मतांची. भरली ३२.९. घरी बसलेला माणूसच नव्हे, तर नाव यादीत राहून गेलेला मृत माणूसही विरोधात धरला गेल्यासारखे झाले. माँटेनेग्रोत २००६ मध्ये सर्बियापासून वेगळे होण्यासाठी ५५ टक्क्यांची अट होती. ५५.५ टक्के मिळाले आणि देश झाला. दक्षिण सुदानमध्ये २०११ ला निदान ६० टक्के मतदान व्हावे अशी अट होती. निरक्षर मतदारांसाठी मतपत्रिकेवर वेगळे होण्याला एक हात आणि एकत्र राहण्याला दोन मिळवलेले हात छापले होते, खूण अंगठ्याने करायची होती. ९८.८३ टक्के लोकांनी एका हातावर अंगठा उठवला. डिसेंबर २०१३ मध्ये त्याच नव्या देशात यादवी सुरू झाली.

म्हणून विनंती अशी की, पुढच्या वेळी अशा सार्वमताची बातमी देताना मतपत्रिकेवरचा प्रश्न पूर्ण छापावा. मतदार यादीत कोण आहे, कोण नाही, जिंकण्याची अट काय, हे दोन ओळींत सांगावे. पाहणीतून ‘ठरलेले नाही’वाले वगळले असतील तर तेही आकड्याशेजारीच लिहावे, आणि चलन, पेन्शन, पासपोर्ट यांचे काय होणार यावर दोन्ही बाजू काय म्हणतात ते मांडावे. निकाल बंधनकारक आहे का, हे तर मथळ्यातच हवे. पापुआ न्यू गिनीचा भाग असलेल्या बूगेनव्हिल बेटांवर २०१९ च्या अखेरीस जवळपास ९८ टक्के लोकांनी स्वातंत्र्याला कौल दिला. पण शांतता करारानुसार तो कौल केवळ सल्ल्यासारखा होता. त्यानंतर वाटाघाटी आणि पापुआ न्यू गिनीच्या संसदेची मंजुरी, हे टप्पे बाकी होते. हे सारे मतदानाच्या निदान आठवडाभर आधी छापून यावे. निकालाच्या दिवशी पहिल्या पानावर त्याला जागा उरत नाही.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर