अभ्यासिकांतील उजेडही मोजायला हवा

प्रति,
मा. संपादक,

विषय: शहरातील अभ्यासिकांमधील प्रकाशव्यवस्था

महोदय,

स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी राधानगरी, गगनबावडा, चंदगड या भागांतून कितीतरी मुले-मुली कोल्हापुरात येऊन राहतात आणि दिवसाचे दहा-बारा तास अभ्यासिकेत काढतात. जागा ठरवताना पालक शुल्क, वाय-फाय, एसी, पिण्याचे पाणी यांची कसून चौकशी करतात. आत उजेड किती आणि कसा आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. मुलांच्या झोपेशी आणि प्रकृतीशी या प्रश्नाचा थेट संबंध असल्याने हे पत्र लिहीत आहे.

लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक कोल्हापूरकरांच्या परिचयाचे आहे, कारण अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळत्या किरणांची तीव्रता लक्समध्ये मोजली जाते आणि ते आकडे वृत्तपत्रांत छापून येतात. भर दुपारच्या उन्हात उघड्यावर हा आकडा एक लाखापर्यंत जातो, आणि आभाळ भरून आले असतानाही बाहेर काही हजार लक्स सहज मिळतो. दिव्यांच्या उजेडातल्या खोलीत तो शंभर ते पाचशेच्या घरात येतो. डोळा या फरकाशी पटकन जुळवून घेतो, त्यामुळे वाचता येते आहे म्हणजे उजेड पुरेसा आहे, असा आपला समज होतो.

शरीराची गरज मात्र वाचता येण्यापुरती नसते. दृष्टिपटलातील काही पेशींमध्ये मेलॅनॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते. त्या 480 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि दिवस आहे की रात्र, याची वर्दी मेंदूतील जैविक घड्याळाला देतात. दिवसा असा प्रकाश भरपूर मिळाला तर तरतरी राहते. तोच रात्री मिळत राहिला तर मेलॅटोनिन हे संप्रेरक पाझरायला उशीर होतो आणि अंथरुणावर पडूनही झोप लागत नाही. 2022 मध्ये या क्षेत्रातील संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने डोळ्यांच्या पातळीवर दिवसा किमान 250 लक्स, झोपेआधीचे तीन तास जास्तीत जास्त 10 आणि झोपेत 1 लक्सपर्यंतच प्रकाश असावा, अशी शिफारस केली. हे आकडे मेलॅनॉप्सिनच्या प्रतिसादानुसार काढलेले आहेत, म्हणून निळा भाग कमी असलेल्या पिवळसर दिव्याखाली साध्या लक्स मीटरवरचा दिवसाचा आकडा 250 पेक्षा बराच जास्त यावा लागतो.

या कसोटीवर आपल्या अभ्यासिका कुठे बसतात? मी पाहिलेल्या एका अभ्यासिकेत एसीची थंडी टिकावी म्हणून खिडक्यांना काळी फिल्म लावली होती आणि प्लायवूडचे कप्पे छातीच्या वरपर्यंत आले होते. ट्यूब बसणाऱ्याच्या पाठीमागे असल्याने वहीवर स्वतःच्याच डोक्याची सावली पडत होती. मीटर टेबलावर ठेवला की आकडा बरा दिसे. तोच डोळ्यांजवळ, समोरच्या फळीकडे तोंड करून धरला की शंभरच्याही खाली येई. रात्री अकरा वाजताही तेच पांढरे दिवे तसेच चालू असतात. म्हणजे दुपारी हवा त्याच्या निम्म्याहून कमी आणि झोपेच्या तोंडावर हवा त्याच्या कित्येक पट, असा उलटा प्रकार तिथे रोज चालतो, आणि पेंगणाऱ्या मुलावर आळशीपणाचा शिक्का बसतो.

दुसरी बाब दिव्यांच्या लुकलुकण्याची. आपला वीजपुरवठा 50 हर्ट्झचा असल्याने हलक्या प्रतीच्या एलईडी दिव्याचा प्रकाश सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते दिसत नाही, पण काहींना त्याने डोकेदुखी आणि डोळ्यांवर ताण जाणवतो. मोबाइलच्या स्लो मोशन चित्रीकरणात असा दिवा लुकलुकताना स्पष्ट दिसतो. प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी ही तपासणी अवश्य करावी.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांना निदान नोव्हेंबर 2025 पर्यंत कारखाने अधिनियम, 1948 चे कलम 17 लागू होते. पुरेसा प्रकाश ठेवणे, तसेच डोळे दिपवणारी चकाकी आणि डोळ्यांना ताण देणाऱ्या सावल्या टाळणे त्यानुसार बंधनकारक होते. कामगाराइतकेच तास बसून काढणाऱ्या विद्यार्थ्याला असे संरक्षण का नसावे?

महापालिकेने शहरातील अभ्यासिकांतील प्रकाश दुपारी आणि रात्री, टेबलावर आणि डोळ्यांच्या पातळीवर, असा मोजून घ्यावा. शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागाची मदत त्यासाठी मागता येईल. चालकांनी खिडक्यांवरची फिल्म काढावी, दिवसा 6500 केल्विनचे (केल्विन हे दिव्याच्या रंगछटेचे एकक) पांढरे दिवे ठेवावेत आणि रात्री आठनंतर 2700 केल्विनच्या पिवळसर दिव्यांची, कमी उजेडाची वेगळी ओळ लावावी. याला वायरिंगचा थोडा खर्च येईल, पण तो एका एसीच्या किमतीपुढे किरकोळ आहे. या मोजणीचे आकडे आपल्या दैनिकाने अभ्यासिकानिहाय प्रसिद्ध करावेत, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक पालक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर