प्रशिक्षणार्थ्याला वाचनाचा तास द्या, लॉगिन नको

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून शाळेत रुजू झालेल्या तरुणाला पहिल्याच दिवशी 'सर' म्हणतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. ९ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आलेली ही योजना कौशल्य विकास विभागाची आहे, शिक्षण विभागाची नव्हे. तिच्यात नेमणूक नाही, प्रशिक्षण आहे. बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार, पदवीधराला १० हजार रुपये मिळतात, ते विद्यावेतन म्हणून. मूळ मुदत सहा महिन्यांची होती, २०२५ मध्ये ती एकूण ११ महिने झाली.

वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा रहिवासी आणि शिक्षण चालू नसलेला, अशी अट आहे. बी.एड.ला प्रवेश घेऊन 'जोडीला हेही करू' म्हणणारे इथेच गळतात. नोंदणी राज्याच्या रोजगार नोंदणीच्या महास्वयम पोर्टलवर होते. तिथे शिक्षणाची माहिती भरताना हलगर्जी नको, कारण विद्यावेतनाचा आकडा पात्रतेवर ठरतो.

पैसे अडकण्याची कारणे मात्र फार साधी असतात. महिन्यात दहा किंवा अधिक दिवस गैरहजेरी झाली की त्या महिन्याचे विद्यावेतन नाही. पहिल्याच महिन्यात सोडले तर काहीच नाही. हजेरी शाळेकडून वेळेत पुढे गेली पाहिजे. हजेरीपत्रकावर सही आहे पण ऑनलाइन नोंद नाही, तर त्या सहीचा उपयोग शून्य. तिसरी अडचण बँकेची. आधार खात्याला 'लिंक' असणे वेगळे आणि थेट लाभासाठी 'सीडिंग', म्हणजे सरकारी रक्कम त्याच खात्यात यावी अशी जोडणी, असणे वेगळे. दोन-तीन खाती असतील तर आधार शेवटी ज्या बँकेत सीड झाले तिथेच रक्कम जाते, आणि विसरलेल्या जुन्या खात्यात पडलेली रक्कम शोधत मुले पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते. रुजू होण्याआधी ती पाहायला पाच मिनिटे लागतात.

आता वर्गाविषयी. मोबाइल आणि संगणक येतो म्हणून प्रशिक्षणार्थ्याला यू-डायस (शाळा-विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद), पोषण आहार आणि आधार पडताळणीच्या माहितीसमोर बसवणे हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाया जाणारा उपयोग. दुसरा चुकीचा उपयोग म्हणजे रिक्त पदाचा अख्खा वर्ग त्याच्या गळ्यात टाकणे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २३ नुसार शिक्षकाची किमान पात्रता ठरलेली आहे. ती नसलेल्याला दिवसभर चाळीस मुलांपुढे उभे केले की तो फळ्यावरचे उतरवून घ्यायला सांगतो आणि शांतता राखतो. त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा तरी कशी करायची?

तिसरी-चौथीतली आठ-दहा मुले आणि रोज ठरलेली पाऊण तास वेळ एवढेच त्याला द्यावे. आधी प्रत्येक मुलाला एकट्याने वाचायला लावून पातळी ठरवायची: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. इथे एक फसगत हमखास होते. मूल पाठ घडाघडा म्हणते, बोट मात्र भलत्याच ओळीवर असते. त्याला खालून दुसरी ओळ वाचायला सांगा, पाठांतर लगेच उघडे पडते. 'कमळ', 'नवल' नीट वाचणारे मूल 'प्रकाश'ला 'परकाश' म्हणत असेल, तर त्याला पाठ्यपुस्तकात पुढे ढकलू नये. रोज एकाच धाटणीची पाच-सहा जोडाक्षरे घ्यावीत, आधी बोलून, मग कार्डावर, मग वाक्यात. गणितातही असेच. 'तीनशे पाच' सांगितल्यावर ३००५ लिहिणाऱ्याला पाढे देऊन उपयोग नाही, त्याला शतक-दशक-एककाचे गठ्ठे हाताळू द्यावेत. दर पंधरा दिवसांनी पुन्हा तपासावे आणि पुढे गेलेले मूल पुढच्या गटात द्यावे. गट कायमचे ठेवले की 'ढ' मुलांचा वर्ग तयार होतो, आणि पोरे हे फार लवकर ओळखतात.

वर्गशिक्षकाने आठवड्यातून एकदा या तासाला मागे बसावे. प्रशिक्षण हा शब्द योजनेच्या नावातच आहे.

उमेदवारांनीही एक हिशेब आधीच पक्का करावा. प्रशिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर शिक्षक होता येत नाही. त्यासाठी डी.एल.एड. (शिक्षण पदविका) किंवा बी.एड., पहिली ते आठवीसाठी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), मग टेट (अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) आणि शिक्षक भरतीचे पवित्र पोर्टल हाच रस्ता आहे. शाळेतले महिने त्या अभ्यासाला पूरक ठरतात, पर्याय ठरत नाहीत.

शिक्षण विभागाने रुजू पत्रासोबत कामाचा एक पानाचा तपशील द्यावा, ही विनंती. त्यात एक कलम मुदत संपतानाचेही असावे: प्रत्येक मुलाची सुरुवातीची पातळी, आजची पातळी आणि अडलेली जागा लिहिलेली वही शेवटच्या आठवड्यात वर्गशिक्षकाच्या हाती द्यायची. नाहीतर प्रशिक्षणार्थी गेल्यावर पुढच्या सोमवारी ती आठ-दहा मुले पुन्हा 'अक्षर' ओळखण्यापासून तपासली जातात.

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख