मंत्रीसाहेब, आमची कळशी सकाळी बघा

माननीय पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

मी सिंधुदुर्गातल्या एका वाडीत राहते. जल जीवन मिशनमध्ये पाणी तपासायला गावातल्या पाच बायकांना शिकवलं, त्यातली मी एक. परवा तपासणीची वही घेऊन तालुक्याला गेले, तर साहेब म्हणाले, "लोखंडच ना? रक्त वाढेल." परतीच्या एसटीत मी तोंडाला पदर लावून बसले होते.

आमची बोअर जांभ्यातली. उपसलेलं पाणी नितळ दिसतं, कारण लोह विरघळलेलं असतं. रात्री भरलेल्या कळशीच्या तळाला सकाळी तांबडा गाळ. चहा शाईसारखा काळा. धाकट्याचा शाळेचा पांढरा शर्ट गेरूत बुडवल्यासारखा झालाय. त्यावरून त्याला वर्गात उभं केलं, दोन दिवस तो शाळेत जाईना. पाहुणे आले की दुखऱ्या कंबरेनं मीच लांबच्या विहिरीवरून हंडा आणते.

तीन वर्षांपूर्वी वाडीत लोह काढायची टाकी बसली. आत मँगनीज डायऑक्साइडचा लेप दिलेली वाळू. पाण्याला आधी हवा लागू द्यायची, मग ते वाळूतून सोडायचं. लोह त्या लेपाला धरतं. सहा महिने खरंच चांगलं पाणी आलं! हळदीकुंकवाला मी बायकांना हौसेनं चहा पाजला. पण ती वाळू गाळानं भरते, उलटं पाणी सोडून धुवावी लागते. लेप मंदावला की पोटॅशियम परमँगनेटनं ताजा करावा लागतो. ठेकेदार बिल घेऊन गेला, पुढे धुणार कोण हे कुणी ठरवलंच नाही. आता बोअरपेक्षा टाकीचं पाणी लाल!

मानक सांगतं, लिटरला लोह १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. माझ्या किटमधला रंग पट्टीवरच्या शेवटच्या चौकोनापेक्षा गडद येतो. वहीत लिहायचं, वर पाठवायचं. वर वाचतं कोण?

१५ ऑगस्ट २०१९ ला पंतप्रधानांनी सांगितलं, २०२४ पर्यंत घरोघरी नळ. आता सरकार म्हणतं २०२८. आमच्या घरी नळ आहे, म्हणजे कागदावर आमचं काम झालं. टाकीला पैसा मिळतो, तिचा फोटो निघतो. वाळू धुणाऱ्याच्या पगाराला पैसा नसतो. रस्त्याचं तेच, दवाखान्याचं तेच. बांधायचं आणि पाठ फिरवायची. भोगायचं आम्ही बायकांनी!

आम्हाला नवी टाकी नको. आहे त्या वाळूला धुणारा एक माणूस द्या, त्याला पगार द्या, परमँगनेट द्या. लेप पार गेला असेल तर वाळू बदला. येत्या सोमवारी मी पुन्हा किट उघडणार आहे. तोवर कुणाला तरी पाठवा.

आपली,
वाडीतली पाणी तपासणारी एक बाई