चुकलेलं उत्तर न खोडणाऱ्या बाई-सरांचे आभार

दारावर पाटी न लावता दहावीच्या गणिताची शिकवणी घेणाऱ्या सगळ्या बाई-सरांचे मनापासून आभार. तुमच्यात कुणी बी.एड. करून वर्षानुवर्षं वर्गावर शिकवलेलं, कुणी इंजिनिअर, कुणी बँकेतून निवृत्त. सवय मात्र एकच: उत्तर चुकलं तर खोडायच्या आधी "हे कसं काढलंस?" विचारायचं.

१/२ + १/३ = २/५ हे उत्तर दहावीतही सापडतं. अंशात अंश, छेदात छेद मिळवला की असं होतं. तुम्ही नियम पुन्हा घोकून घेत नाही. १२ सेंटिमीटरची कागदी पट्टी कापता. निम्मी ६, तिसरा हिस्सा ४, मिळून १०, म्हणजे ५/६. मग त्याच पट्टीचे २/५ मोजायला लावता: ४.८, म्हणजे निम्म्याहूनही कमी! चूक मुलाला स्वतःलाच दिसते. छेद समान का करायचे, ते तुम्ही त्यानंतर सांगता. हा क्रम फार मोलाचा आहे.

(अ + ब) च्या वर्गाचंही तेच. चौकटीच्या वहीत ७ बाय ७ घरांचा चौरस काढून दोन्ही बाजूंना ३ आणि ४ वर रेघ मारली, की ९ आणि १६ शिवाय १२-१२ घरांचे दोन आयत उरतात. विसरलेलं '२अब' तिथं बोटानं दाखवता येतं.

पायऱ्यांना गुण असतात, म्हणून प्रत्येक पायरी नव्या ओळीवर लिहायचा तुमचा आग्रह रास्तच. आणि पालकांसमोर मुलाच्या चुकांचा पाढा कधी वाचत नाही, त्याबद्दल आम्ही तुमचे विशेष ऋणी आहोत.