सातशेच्या आतल्या रेड वाइनबद्दलही कधीतरी छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात वाइनवर काही आलं की ते दोनच प्रकारचं असतं, एकतर संस्कृती बुडाली नाहीतर मग कुठली तरी आठ हजाराची फ्रेंच बाटली आणि ती कुठल्या ग्लासात ओतायची वगैरे. जानेवारी 2022 मधे मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमधे वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा तर विचारूच नका, अण्णा हजारेंच्या उपोषणाच्या इशाऱ्यापासून सगळं रोज छापून येत होतं, नंतर तो निर्णय तसाच बारगळला. पण त्या सगळ्या गोंधळात एखाद्या साध्या माणसाने स्वस्तातली बाटली घरी आणलीच तर तिचं करायचं काय, हे कुणी दोन ओळीत सुद्धा लिहिलं नाही.

परवा आम्ही बाजारात नवीन आलेली एक रेड आणली, नाशिकचीच, शिराझ नावाच्या काळ्या द्राक्षाची, सातशेच्या आतली. नाव देत नाही, उगाच जाहिरात वाटायची. बाटलीवर इंग्लिशमधे लिहिलंय रूम टेंपरेचरला प्या. अहो कुठली रूम? पुस्तकात जी रूम असते ती युरोपातली जुनी थंड घरं, 16-18 डिग्रीवाली, आणि आमच्या हॉलमधे एप्रिलच्या संध्याकाळी सुद्धा 32 असतं. म्हणून मी मुद्दाम अर्धी बाटली बाहेर ठेवली आणि अर्धी दुसऱ्या बाटलीत ओतून अर्धा तास फ्रिजमधे. बाहेरचीचा नुसता अल्कोहोलचा भपकारा, नाकात जातो. फ्रिजमधलीला मात्र आधी जांभळासारखी चव, मग मागून मिरपूड, आणि शेवटी जिभेवर तुरटपणा. एकच वाइन आहे हे मिस्टरांना खरं वाटेना.

सासूबाईंनी घोटभर चाखून विचारलं, ह्यात साखर घालायची राहिली का. त्यांचा प्रश्न बरोबरच आहे, आपल्याकडे बहुतेकांना वाइन म्हणजे गोव्याहून आणलेली गोड पोर्ट एवढंच माहीत. ड्राय रेडमधे द्राक्षाची जवळजवळ सगळी साखर यीस्ट खाऊन टाकतं, त्याचंच अल्कोहोल होतं, म्हणून गोड लागत नाही. आणि तुरटपणा येतो तो साल आणि बियांतून. आपण खातो ती थॉमसन बिनबियांची, पातळ सालीची. वाइनची द्राक्षं बारीक, जाड सालीची, बिया असलेली, आणि काळ्या द्राक्षाचा रस सुद्धा बहुतेक वेळा पांढुरकाच निघतो, लाल रंग येतो तो सालीसकट आंबवल्यामुळे. नाशिकमधे राहून हे किती जणांना माहितीये?

बरोबर काय खायचं हा तर सगळ्यात दुर्लक्षित विषय. पुरवणीत नेहमी स्टेक आणि परदेशी चीजची नावं, ते आमच्या घरी कोण करतंय. तांबड्या रश्श्याबरोबर घेऊ नका एवढं मी सांगते, अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही मिळून तिखट जास्तच झोंबतं, रश्श्याची पण मजा जाते आणि वाइनची पण. माशांबरोबर तर ह्या तुरट रेडने तोंडात लोखंडासारखी चव येते. खारे शेंगदाणे, साधे चीजचे क्यूब, कमी तिखटाचं वांग्याचं भरीत, तुपावर परतलेलं सुकं मटण, हे मस्त जमतं, कारण मीठ आणि स्निग्ध असलं की तुरटपणा बसतो. भरीत तर अप्रतिम.

आणखी एक, स्वस्त वाइन वर्षानुवर्षं कपाटात ठेवून चांगली होते हा भ्रम आहे, ती बनवलेलीच असते लवकर प्यायला. आमच्या भागातल्या एका दुकानात तर बाटल्या काचेच्या शोकेसमधे भर उन्हात उभ्या असतात, तिथली घेऊच नये. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमधे ठेवली तर तीन-चार दिवस बरी राहते, पुढे आंबट व्हायला लागली की मटणाला लावायला वापरा.

आणि कृपा करून रेड वाइन हृदयाला चांगली हे छापणं बंद करा. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मधे स्पष्ट म्हटलंय. साधारण 12 ते 14 टक्के अल्कोहोल असतं हो, सुपरमार्केटच्या त्या वादात काही नेते सांगत होते तसं वाइन म्हणजे दारू नाही वगैरे काही नाही. प्यायची तर चवीसाठी, थोडी, नाहीतर राहू द्या.

गारपीट, छाटणी, एक्स्पोर्टचे कंटेनर, बेदाण्याचा भाव, द्राक्षाचं एवढं सगळं तुम्ही मन लावून छापता. राज्याचं वाइनचं धोरण 2001 सालचं आहे, नारायणगावला तर त्याच्याही आधीपासून वाइन बनतेय, तिकडे अकलूजला पण बनते. मग जानेवारी ते मार्च वाइनच्या द्राक्षांची काढणी चालू असते तेव्हा एखाद्या वार्ताहराला पाठवा ना, त्या शेतकऱ्याला किलोला काय मिळतं आणि आमच्या सातशेतले किती त्याच्यापर्यंत पोचतात एवढं विचारून या म्हणावं. टेस्टिंग नंतर.

आपली,
एक नियमित वाचक, नाशिक