नम्र आवाहन : पोरांना माणदेश दाखवायचा आहे

सभासद बंधुभगिनींनो, सप्रेम नमस्कार.

२०२७ साली व्यंकटेश माडगूळकरांची जन्मशताब्दी येते आहे. त्यानिमित्त पोरांना त्यांचा माणदेश, म्हणजे माण नदीकाठचा दुष्काळी मुलूख, सहलीला नेऊन दाखवायचा आहे. आपलं वाचनालय तयारीला लागलंय आणि पेटीत नेहमीप्रमाणे खडखडाट आहे.

गेल्या पावसाळ्यात शनिवारच्या वर्गात त्यांची 'बनगरवाडी' (१९५५) ही कादंबरी घेतली. मुलं सोलापूरच्या पूर्व भागातली, बहुतेक घरी तेलुगू बोलणारी. शाळा आहे तर पोरं का येत नाहीत? शेवटी वाडी उठून जाते ती कुठे? फळ्यावर काय सांगणार! तो उघडा माळ, ती भुंडी टेकाडं बघितली की कळतं. माडगूळकर तिथलेच, कोवळ्या वयात त्याच मुलखात त्यांनी मास्तरकी केली. हातात चित्रकाराची पेन्सिल, म्हणून वाक्यं आखूड आणि विशेषणांची चैन नाही. पाऊस चुकला की माणूस मेंढरं घेऊन चालू लागतो, मग कादंबरीला तरी दुसरा शेवट कुठला मिळणार? आणि माणदेश काही परका नव्हे. आपला सांगोला तालुका त्यातलाच. माण नदी आपल्याच जिल्ह्यात भीमेला मिळते. सोलापूरकरांना हे सांगावं लागतं!

जुन्यांना आठवत असेल, गिरण्या चालू होत्या तेव्हा पगाराच्या दिवशी कामगार दारात चार-आठ आणे टाकून जायचे. माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'ची प्रत त्याच पैशांतली; खळ लावलावून अजून फिरते आहे. चादरीच्या कारखानदार शेठजींनी दोन कपाटं दिली, नावाची पाटी मात्र लावू दिली नाही. विड्या वळणाऱ्या मावशींनी मोडीतून सतरंजी आणली, तिच्यावरच आजही वर्ग भरतो. या मंडळींचे उपकार फिटायचे नाहीत.

गेल्या वर्षी पंख्यांसाठी दोनशे पत्रं वाटली, उत्तरं सात आली. सत्काराच्या दिवशी मात्र खुर्च्या पुरल्या नाहीत. असो.

'बनगरवाडी'त मास्तर तालीम बांधायला काढतो, तेव्हा वाडीजवळ पैसा कुठे होता? लोकांनी अंगमेहनतीने ती उभी केली. तसंच करा.

तपशील : जानेवारीतला एक रविवार, मुलं चाळीस, एक बस, मंगळवेढा-सांगोला-आटपाडीमार्गे माडगूळकरांचं गाव माडगूळ, शिवाय 'बनगरवाडी'च्या दहा नव्या प्रती, देणगी २०० रुपयांपासून पुढे कितीही, रोख किंवा धनादेश, वाचनालयात संध्याकाळी ६ ते ८ (सोमवारी बंद), ३० नोव्हेंबरच्या आत, पावती मागून घ्यावी. कडक भाकरी आणि शेंगाचटणी महिला मंडळाने अंगावर घेतली आहे. मुलांबरोबर यायला चार मोठी माणसं हवीत, त्यांनी आधी नाव द्यावं.

आपला,
चिटणीस